पिवडी भट्टीत तांबडी होते तेव्हा: मारबत, माहुरझरी आणि मातीची भाजणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवून जाळतात त्या काळी-पिवळी मारबत या बाहुल्या आणि नागपूरजवळच्या माहुरझरीला प्राचीन दफनांच्या दगडी वर्तुळांत सापडलेली काळी-तांबडी भांडी, या दोन्हींवरून आठ-नऊ मातीकामांची मालिका करायची आहे. घरी दोन घनफुटांची विजेची भट्टी आहे. चितारओळीतून, म्हणजे नागपूरच्या मूर्तिकारांच्या गल्लीतून, आणलेल्या शाडूची पहिली दोन कामं वाळतानाच तडकली. वर्धा रोडकडच्या प्लॉटवरच्या काळ्या मातीचं तिसरं काम ९०० अंशांना नीट भाजून निघालं, पण दहा दिवसांनी त्याच्या अंगावर पांढऱ्या टिकल्या उठल्या आणि कपच्या उडाल्या. पिवळ्या मारबतीसाठी लावलेली पिवडी (पिवळी रंगमाती) भट्टीतून विटकरी होऊन आली. सगळंच चुकलंय, आता सुरुवात कुठून करू?

पिवडीपासून करा. जिला तुम्ही चूक म्हणता, ती या मालिकेतली सर्वांत कामाची गोष्ट आहे.

पिवडीचा पिवळेपणा गोएथाइट या खनिजाचा असतो. त्यात लोखंडाच्या ऑक्साइडबरोबर पाणी बांधलेलं असतं. साधारण २५० ते ३०० अंशांना ते पाणी सुटतं आणि मागे हेमॅटाइट उरतं, म्हणजे गेरू. भट्टी थंड झाली तरी पिवळेपणा परत येत नाही. आपल्या देशात अकीक हा मण्यांचा दगड तापवून तांबडा करण्याची जी जुनी रीत आहे, तिच्यातही दगडातल्या लोहाचं हेच होतं. माहुरझरी तर मण्यांसाठीच प्रसिद्ध. तुमच्या मालिकेचे दोन्ही विषय इथे आपोआप जुळतात, वरून कोणतंही चित्र काढावं लागत नाही.

मिथक घेऊन मातीत काम करणारे बहुतेक जण इथेच घसरतात. डोळे, जीभ, मुंडमाळ असं सगळं हुबेहूब करतात, मग ते भाजतात. अशा कामात भाजणी फक्त टिकाऊपणासाठी येते, तिला स्वतःचं काही सांगायचं नसतं. चांगल्या समकालीन कामात उलटं दिसतं. मॅग्डलीन ओडुंडो ही कुंभारकलावंत आपली घोटलेली भांडी हवेत भाजते तेव्हा ती तांबडी होतात, आणि प्राणवायू तोडून पुन्हा भाजते तेव्हा काळी. अंगावर नक्षी नसतानाही भांडं बोलतं. कुंभारकलावंत रे मीकर यांनी पुद्दुचेरीत कच्च्या मातीची घरं बांधून आख्खी घरंच भट्टीसारखी भाजली. चिनी कलावंत आय वेवेई यांनी १९९५ मध्ये सुमारे दोन हजार वर्षं जुना, हान काळातला घट हातातून सोडला आणि फुटतानाचे फोटो घेतले. तिन्ही ठिकाणी गोष्ट मातीच्या वागण्यात आहे. तुमच्या प्रत्येक कामाला एक प्रश्न विचारा: आगीत असं काय घडलं, जे आगीशिवाय दाखवता आलं नसतं? उत्तर नसेल तर ते काम कागदाच्या लगद्यात करा, वीजबिल वाचेल.

मारबतीच्या बाबतीत हा प्रश्न आणखी अवघड होतो. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत मिरवणूक निघते आणि शेवटी मारबत जाळतात. तिचं कामच जळून जाण्याचं. माती मात्र जळली की टिकते. हा विरोध झाकायला जाल तर दुकानातल्या बाहुलीसारखं काहीतरी हाती येईल. त्यावरचा एक चांगला मार्ग पुढे देतो, आधी माती नीट करून घेऊ.

शाडू का तडकली, हे सोपं आहे. शाडू बारीक, चिकट आणि आवळणारी. मूर्तिकाराला ती चालते, कारण तो ती भाजत नाही आणि आत तणस किंवा काथ्या घालतो. पाण्यात गेली की विरघळावी हाच तिचा गुण. तुम्ही ती नुसती वापरली आणि भिंत कुठे एक सेंटिमीटर, कुठे तीन ठेवली असणार. जाड भाग ओला असताना पातळ भाग आवळून मोकळा झाला की मधल्या सांध्यात तडा जातो. शाडू टाकून देऊ नका. तिच्यातून एक स्वतंत्र काम होतं.

एकाच साच्यातून शाडूचे पाच सारखे तुकडे काढा, मुठीएवढे, भिंत ८ मिलिमीटर. एक कच्चा ठेवा आणि बाकीचे ३००, ४५०, ६०० आणि ८०० अंशांना भाजा. मग पाचही काचेच्या उथळ भांड्यांत पाण्यात ठेवा. कच्चा काही मिनिटांत विरतो. ३०० चा त्याच्याच मागे जातो, थोडा रेंगाळून. ४५० चा तुकड्यातुकड्यांनी ढासळतो किंवा कडा सोडतो. ६०० चा बहुधा उभा राहतो, पण नखाने खरवडला जातो. ८०० चा तसाच राहतो. मातीत दोन प्रकारचं पाणी असतं. मळताना घातलेलं पाणी शंभरच्या आसपास उडून जातं, ते गेलं तरी माती परत ओली होऊ शकते. दुसरं पाणी खनिजाच्या घडणीतलं, ते मातीच्या जातीप्रमाणे ४५० ते ६५० च्या दरम्यान सुटतं, आणि त्यानंतर परतीची वाट बंद. विसर्जन कुठवर शक्य आहे याची रेषा प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसते. नक्की अंश तुमच्या शाडूवर बदलतील, म्हणून प्रदर्शनाआधी वाटीभर पाण्यात बघून घ्या.

आता काळी माती. आपल्याकडची काळी माती बेसॉल्टची, पाणी प्यायली की फुगते आणि वाळताना भयंकर आवळते. तिच्यात चुनखडीचे बारीक खडे असतात. ८०० च्या वर त्या खड्यांतला कर्बवायू उडून कळीचा चुना उरतो. भट्टीतून काढल्यावर काम छान दिसतं. मग तो चुना हवेतली ओल ओढून घेतो, आकाराने जवळपास दुप्पट होतो आणि वरचा पापुद्रा उडवतो. खड्याच्या जागी पांढरा ठिपका, भोवती खळगा. उन्हाळ्यात याला महिना लागेल, पावसाळ्यात आठवडा पुरे.

उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे माती चौपट पाण्यात दोन दिवस भिजवा, ढवळून ८० मेशच्या (इंचाला ८० भोकांच्या) चाळणीतून गाळा, खाली बसू द्या, वरचं पाणी काढा आणि गाळ कापडावर सुकवा. चुना पीठासारखा बारीक झाला की तो सगळीकडे वाटला जातो, एका जागी फुगून कपची उडवण्याइतका उरत नाही. कोरड्या मातीवर सौम्य आम्लाचा थेंब टाकून बघा. जोरात फसफसली तर ती माती मिश्रणात दहा टक्क्यांवर नको. दुसरा उपाय भाजून झालेल्या कामासाठी. भट्टीतून काढल्यावर ते कोमट असतानाच पाण्यात पूर्ण बुडवा आणि तासभर ठेवा. चुना पाण्यात विरून मऊ पडतो आणि बरेचदा फुगण्याचा जोर कमी होतो. खडे मोठे असतील तर हा उपाय पुरत नाही.

मिश्रणाची सुरुवात अशी करा, सगळं कोरडं आणि वजनाने: कुंभाराकडची तयार माती किंवा तळ्याचा पिवळसर गाळ ५० भाग, गाळलेली काळी माती १५, कन्हान नदीची बारीक वाळू १५, विटांचा चुरा १५ (३० मेशमधून पडणारा आणि ६० वर अडकणारा), शाडू ५. पाणी घालून आठवडाभर मुरू द्या, मग तुडवा. चाचणीसाठी १४ सेंटिमीटर लांब पट्टी करा आणि ओली असतानाच तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा. वाळल्यावर रेघ ९.३ च्या वर राहिली तर ठीक. ९.१ च्या खाली गेली तर काळी माती पाच भाग कमी करा आणि तेवढाच विटांचा चुरा वाढवा. कुंभाराची माती प्रत्येक तळ्याची वेगळी असते, म्हणून ही पट्टी प्रत्येक नव्या खेपेला करा. हे कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

नागपूरच्या हवेबद्दल वेगळं सांगायला हवं. एप्रिल-मे मध्ये बाहेर ४४-४५ अंश आणि हवा कोरडीठाक. उघडं ठेवलेलं काम दुपारभरात वरून हाडासारखं आणि आतून ओलं होतं. कूलरच्या झोतात तर ठेवूच नका. झोत एकाच बाजूने लागतो, ती बाजू आधी आवळते आणि काम वाकतं. ओलं गोणपाट अंगाला न लावता चौकटीवर टाका, वर प्लॅस्टिक, आणि रोज थोडं थोडं उघडत न्या. फूटभर उंचीच्या कामाला दहा-बारा दिवस धरा. जुलै-ऑगस्टमध्ये अडचण उलटी होते. काम वाळल्यासारखं दिसतं, पण आत ओल असते आणि भट्टीत फुटतं. लोक हवेच्या बुडबुड्याला दोष देतात, पण फोडते ती वाफ. गालाला लावून बघा, थंड लागलं तर ओल आहे. भट्टी ९५ अंशांवर चार ते सहा तास धरा, झाकण बोटभर उघडं. झाकणाजवळ धरलेल्या आरशावर वाफ धरायची थांबली की पुढे जा.

आता काळी-तांबडी भांडी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातल्या विदर्भातल्या महापाषाणीय दफनांत ही भांडी मिळतात: तोंड आणि आतली बाजू काळी, बाहेरचं अंग तांबडं, घोटून चकाकवलेलं. काळा रंग लावलेला नसतो. भांडं पालथं, तोंड भुश्यात बुडवून भाजलं की आत हवा जात नाही, तिथे कर्ब मुरतो आणि लोहही काळ्या रूपात जातं. बाहेर हवा मिळते, तिथलं लोह तांबडं राहतं. एकाच भाजणीत केली की दोन, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. विजेची भट्टी हाताशी असल्याने तुमच्यासाठी दोन भाजण्या सोयीच्या.

भिंत पाच-सहा मिलिमीटर, तळ गोल. सपाट तळ थेट आगीत पहिला जातो. घोटण्यासाठी लेप असा करा: तांबड्या मातीचं चाळलेलं पीठ १ किलो, पाणी ४ लिटर, सोडियम सिलिकेट ४ ग्रॅम. ढवळून २४ तास हलवू नका. तीन थर पडतात. खालचा जाड थर तसाच राहू द्या, मधला दुधासारखा भाग नळीने काढून घ्या आणि उन्हात आटवून पातळ सायीइतका करा. भांडं वाळत आलं की तीन हात द्या, प्रत्येक हात मॅट झाल्यावरच पुढचा. मग गुळगुळीत अकीकाने किंवा स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घोटा. घोटताना चिकटत असेल तर थांबा, अजून ओलं आहे. पांढुरकी धूळ उठत असेल तर उशीर झाला, ओल्या कापडाचा हात फिरवून पुन्हा सुरू करा. पहिली भाजणी ७५० ला. ९०० च्या पुढे गेलात तर लेप आवळतो, चमक उतरते आणि सगळं घोटणं वाया जातं.

दुसरी भाजणी उघड्यावर, शेतात किंवा मोकळ्या जागी करा. वस्तीत नको, धूर बराच होतो. कोरड्या विटांचं ६० सेंटिमीटर व्यासाचं कडं रचा, खाली चार बाजूंना हवेची भोकं ठेवा. तळाला धानाचा कोंडा ८ सेंटिमीटर. भांड्याच्या आत अर्धा कोंडा आणि अर्धा चुरडलेल्या गोवरीचा भुगा सैल भरा. पालथं करताना कडा कोंड्यात ३-४ सेंटिमीटर रुतू द्या आणि भोवती राखेची मगजी दाबून बसवा. बाहेरच्या गोवऱ्या भांड्याला टेकू देऊ नका, मध्ये हातभर नको, पण बोटभराहून जास्त, साधारण १० सेंटिमीटर जागा हवी. भांड्याच्या माथ्यावर मोठी खापर आडवी टाका, म्हणजे वरून पडणारा निखारा अंगाला लागत नाही. मग सगळीकडून पेटवा. दीड-दोन तासांत भांड्याचं अंग संध्याकाळच्या उजेडात मंद लाल दिसायला लागतं, म्हणजे ६५० च्या पुढे गेलं. इथून पुढे हात लावायचा नाही.

चुका बहुतेक इथेच होतात. गरम असताना उचललं तर आतला कर्ब हवा मिळताच जळतो आणि डोळ्यांदेखत काळं भांडं तांबडं होतं. २०० च्या खाली येईपर्यंत थांबा, म्हणजे रात्रभर. आत करडं आलं तर एक तर आच कमी पडली किंवा कोंडा कमी. बाहेर ढगासारखे काळे डाग आले तर गोवरी टेकली होती. सगळंच काळं झालं तर खालची भोकं राखेने बुजली. काळ्या-तांबड्याची सीमा एका बाजूला वर चढली असेल तर भांडं तिरकं बसलं होतं किंवा त्या बाजूला मगजी फुटली. सीमारेषा सुरीने कापल्यासारखी कधीच येणार नाही. बोटभर रुंद तपकिरी पट्टा राहतो आणि तो असावाच. भाजल्यावर वर मेणाचा हात द्यायचा मोह होतो. देऊ नका, चमक दगडाने घोटून आलेली दिसली पाहिजे.

खऱ्या खापऱ्या बघायच्या तर अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात जा आणि कडेचा काळा पट्टा किती रुंद असतो ते टिपून घ्या. जुनापाणी, माहुरझरीच्या वर्तुळांवरून माती किंवा खापर उचलून आणू नका. कायद्याचं तर आहेच, शिवाय जागेवरून हललेली खापर संशोधनाला निकामी होते. तुमच्या कामाला तिची गरजही नाही.

मारबत. जळण्याचा आणि टिकण्याचा विरोध सोडवायचा असेल तर जळणारा सांगाडा आत ठेवा आणि त्यातलं भट्टीला झेपेल तेवढं खरोखर जाळा. बाहेरचा मातीचा पापुद्रा उरेल, आत पोकळी. प्रेक्षकाला जे दिसेल ते गेलेल्या मारबतीचं कवच असेल.

सांगाडा बांबूच्या कामट्यांचा नको. माती वाळताना आवळते, बांबू आवळत नाही, मग माती फाटते. धानाच्या तणशीची पेंडी सुतळीने सैल बांधा, ती दबते. कामट्या हव्याच असतील तर त्यांच्याभोवती वर्तमानपत्राचे सात-आठ वेढे द्या. स्लिप अशी: वरच्या मिश्रणातून विटांचा चुरा वगळून माती पाण्यात पातळ करा, ताकापेक्षा घट्ट आणि श्रीखंडापेक्षा पातळ. चार भाग स्लिपला एक भाग भिजवून घुसळलेला कागदाचा लगदा, मोजमाप आकारमानाने. लगदा मिसळलेली स्लिप तीन-चार दिवसांत वास मारायला लागते, म्हणून लागेल तेवढीच करा. बँडेजचं सुती जाळीदार कापड या स्लिपमध्ये बुडवून तणशीवर गुंडाळा. पॉलिस्टर मिसळलेलं कापड वापरू नका, ते आधी वितळतं, ओघळतं आणि माती घेऊन खाली येतं. कापडाचा कोपरा जाळून बघा, गोळी झाली तर पॉलिस्टर, राख झाली तर सुती. चार थर द्या, प्रत्येक थर ओलसर असतानाच पुढचा. एकूण जाडी ४ ते ५ मिलिमीटर. पाठीला आणि तळाला रुपयाच्या नाण्याएवढी दोन-तीन भोकं हवीतच. धूर निघायला वाट नसेल तर कवच फुगून फाटतं.

भट्टीच्या आतलं माप साधारण ३८ सेंटिमीटर घन धरा. दोन्हीकडे मोकळी हवा आणि आवळणं धरून ओलं काम ३२ च्या वर नको. मोठी मारबत हवी तर डोकं, धड, हात वेगळे करा आणि भाजल्यावर बांबूवर अडकवा. जोड लपवू नका. मिरवणुकीतली मारबतही बांबूवरच असते.

तणशीची पूर्ण पेंडी विजेच्या भट्टीत जाळू नका. धूर घरात भरेलच, शिवाय प्राणवायू संपला की कॉइलवरचा, म्हणजे भट्टी तापवणाऱ्या तारेवरचा, संरक्षक थर खाल्ला जातो. कवच हाडासारखं वाळलं की तळाच्या भोकातून चिमट्याने जमेल तेवढं तणस ओढून काढा. कापड आणि कागद आत राहू द्या, तेवढं भट्टी सहन करते. भट्टी गच्चीवर किंवा अंगणात, झाकण पाच सेंटिमीटर उघडं. ९५ ला सहा तास, मग ३०० पर्यंत तासाला ४० अंश, तिथून ६०० पर्यंत तासाला ६०. धूर २३० च्या आसपास सुरू होतो. तो थांबेपर्यंत झाकण बंद करायचं नाही. ७५० ला एक तास धरा, नाहीतर भिंतीच्या मधोमध काळा गाभा राहतो आणि वर जाताना तिथे फुगा येतो. मग झाकण लावून ९५० पर्यंत तासाला १०० ते १२०, शेवटी वीस मिनिटं. अशा प्रत्येक भाजणीनंतर भट्टी एकदा रिकामी १००० पर्यंत नेऊन आणा, कॉइलवरचा थर परत बसतो.

भाजलेलं कवच पापडासारखं नाजूक लागेल. ते तसंच असतं, १००० ला नेऊन फारसा फरक पडत नाही. दोन बोटांनी उचलू नका, तळहात खाली घाला.

काळ्या मारबतीचं कवच याच भाजणीतून तांबूस निघेल. ते काळं करायला ते एका पत्र्याच्या डब्यात कोंड्यात पुरा, झाकण मातीने लिंपा आणि डबा उघड्यावर गोवऱ्यांच्या आगीत तासभर ठेवा. थंड झाल्यावरच उघडा. हा कर्बाचा काळा हाताला किंचित लागतो. लागू दे. लोककथा काळ्या मारबतीला नागपूरच्या भोसले घराण्यातल्या बांकाबाईशी जोडते आणि ब्रिटिशांशी केलेल्या तहाचा राग तिच्यावर काढते. असा राग हाताला न लागता राहिला तर तो खोटा वाटेल. कर्बाऐवजी मँगनीज हवं असेल तर तांबड्या मातीच्या स्लिपमधल्या दर १०० ग्रॅम कोरड्या मातीला मँगनीज डायऑक्साइड ८ आणि गेरू ६ ग्रॅम, १००० ते १०४० ला. त्याच्या वर फोड येतात, कारण मँगनीज तापताना प्राणवायू सोडतं. पावडर कोरडी उडवू नका, मास्क घाला, भाजताना खोलीत बसू नका. मँगनीज मज्जासंस्थेला वाईट. नागपूरजवळ मनसरला वाकाटक राजांच्या काळातल्या अवशेषांच्या टेकडीशेजारीच मँगनीजची खाण आहे, हा योग कामात यावा असं वाटणं साहजिक. पण खाणीचा दगड दळून वापरू नका, त्यात काय काय आहे ते कळत नाही. पावडर दुकानातूनच घ्या. कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्रातल्या राखेबद्दलही लोक विचारतात. मिश्रणात दहा टक्क्यांपर्यंत आवळणं कमी करते, तीसच्या पुढे माती तुटायला लागते. या मालिकेत तिचं काम नाही.

आणि आता पिवळी. तीन वाटा आहेत. झिर्कॉन-प्रासोडिमियमचा तयार पिवळा रंग पांढऱ्या स्लिपमध्ये दहा टक्के टाकला की दुकानातला पिवळा मिळतो. तो टिकतो, पण त्यात काही घडलेलं नसतं. दुसरी वाट म्हणजे भाजून झाल्यावर गार अंगावर पिवडी डिंकाच्या पाण्यात कालवून लावायची. ती पुसता येते, पाण्यात उतरते, आणि तिला आग लागली तर तांबडी होईल हे प्रेक्षकाला शेजारच्या तुकड्यावर दाखवता येतं. एकाच कवचाला अर्ध्या अंगावर भाजण्याआधी आणि अर्ध्यावर भाजल्यानंतर तीच पिवडी लावा, डबीही एकच. मला विचाराल तर ही वाट सर्वांत चांगली.

तिसरी वाट तुमच्या काळ्या मातीतून येते. ज्या चुन्याने कपच्या उडवल्या, तोच बारीक वाटून तांबड्या मातीत भरपूर घातला तर तांबडा रंग मारतो. १००० च्या वर लोह हेमॅटाइट म्हणून मोकळं न राहता चुना-सिलिकाच्या नव्या खनिजांत जाऊन बसतं, आणि माती बदामी-पिवळी निघते. प्लॉटवरचे चुनखडीचे खडे वेचा, धुवा, कुटून १०० मेशमधून गाळा. तांबडी माती ८० भाग, हे पीठ २० भाग. भाजणी १०४० ते १०६०, वर अर्धा तास. ९५० ला काढलंत तर फिकट गुलाबीच राहील आणि चुनाही मोकळा राहील. ११०० च्या पुढे ही माती अचानक बसते, कडा वितळतात. म्हणून भट्टीतला काटा किती अंश चुकतो ते आधी तपासा. पिवडीचा पिवळा आगीत मरतो, चुन्याचा पिवळा आगीतच जन्मतो. दोन्ही शेजारी मांडा, खाली काही लिहिण्याची गरज नाही.

एक छोटी जोड सुचवतो, हवी तर घ्या. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात प्रवर्ग्य या सोमयागातल्या विधीसाठी महावीर नावाचं भांडं करायची कृती आहे. त्यात मातीबरोबर वारुळाची माती आणि रानडुकराने उकरलेली माती मिसळायची, भांड्याला घोड्याच्या शेणाची धुरी द्यायची, भाजायचं आणि त्यावर शेळीचं दूध ओतायचं. त्यातलं दूध नुसता उपचार नाही. सच्छिद्र मातीत दूध मुरून तापलं की त्यातलं केसीन हे प्रथिन भोकं बुजवतं. तुमच्या एखाद्या तांबड्या वाटीवर करून बघा: ७५० ला भाजलेली वाटी दुधात रात्रभर बुडवा, पुसा, पूर्ण वाळवा, मग तासाला ५० च्या वेगाने ३२० पर्यंत न्या. मधासारखा तपकिरी रंग चढतो आणि पाणी सावकाश झिरपतं. घरात भाजलं तर दोन दिवस जळक्या दुधाचा वास राहतो. खाण्यापिण्याला ही वाटी वापरू नका.

वेळेचं गणित असं ठेवा. बांधणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, सावकाश वाळवणं एप्रिलमध्ये गोणपाटाखाली, भाजणी मेअखेरपर्यंत. काळी माती किंवा चुनखडीचं पीठ असलेलं काम पोळ्याच्या प्रदर्शनाला द्यायच्या आधी जूनची पहिली सर पडल्यावर तीन आठवडे उघड्या पडवीत ठेवा, पावसात नाही, दमट हवेत. घाई असेल तर त्याच भाजणीतला एक फालतू तुकडा कुकरमध्ये जाळीवर ठेवून दोन तास वाफ द्या, पाणी मध्ये भरत राहा. तुकड्यावर पांढरी टिकली उठली तर त्या खेपेची सगळी कामं पुन्हा १०५० ला नेऊन, कोमट असताना बुडवून काढा. तरी उठली तर ती माती बाजूला ठेवा, कुटून विटांच्या चुऱ्याऐवजी मात्र वापरू नका, चुना तिच्यात तसाच बसलेला असतो.